मस्टरावरचे सहा आणि व्हाऊचरवरचे आठ : करवीर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचं निर्वाह वेतन

गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. करवीर तालुक्यातलं, कोल्हापूर शहराला चिकटलेलं गाव आहे एवढं पुरे. मी तिथला रहिवासी. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. 2025 च्या मार्चमध्ये सरपंच वहिनींनी बोलावून सांगितलं, "कर्मचाऱ्यांचा पगार वाढवायचा म्हणतोय आम्ही. नुसतं किमान वेतन नको, घर चालेल एवढा पगार. हिशेब तुम्ही मांडा." आकडे खाली गोळाबेरीज करून दिलेत, पण गणित तेच आहे.

पंचायतीत माणसं चौदा. त्यातली सहा आकृतिबंधातली, म्हणजे लोकसंख्येच्या हिशेबात मंजूर पदांवरची : लिपिक, शिपाई, दिवाबत्तीवाला, दोन पाणीपुरवठ्याचे आणि एक सफाईचा. यांची हजेरी मस्टरावर आणि किमान वेतनाचा अर्धा वाटा शासनाचा. उरलेली आठ बाहेरची : झाडणाऱ्या पाच बायका, घंटागाडीवरचे दोघं आणि पाणी सोडणारा एक तरणा पोरगा. यांना दरमहा 6,500 रुपये, आणि कागदावर त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ते व्हाऊचरवर निघतं. झाडणाऱ्यांतली एक आक्का सोळा वर्षं हंगामी आहे.

लोकसंख्या धरतात ती 2011 च्या जनगणनेची, कारण त्यानंतरची अजून व्हायची आहे. मधल्या काळात ऊस काढून प्लॉट पडले, अपार्टमेंटं उभी राहिली. रस्ते दुप्पट झाले, नळ दुप्पट झाले, मंजूर पदं सहाच राहिली. बाहेरच्या आठांचा जन्म असा झाला. कुणी ठरवून अन्याय केला असं मी म्हणणार नाही. काम वाढत गेलं आणि दर वेळी एक व्हाऊचर वाढलं.

पहिल्या बैठकीत मी विचारलं, किती द्यायचं म्हणताय? एक सदस्य म्हणाले, दहा करू या, गोल आकडा. दुसरे म्हणाले, बारा. दोघंही अंदाजानं बोलत होते. म्हणून म्हटलं, आकडा पंचायतीच्या तिजोरीकडनं काढायला नको, चुलीकडनं काढू.

चुलीकडनं आकडा काढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. राज्यघटनेच्या 43 व्या कलमात निर्वाह वेतनाचा शब्द आहेच. 1949 साली न्याय्य वेतन समितीनं तीन पायऱ्या सांगितल्या : किमान, न्याय्य आणि निर्वाह. किमान वेतन देताना मालकाची ऐपत बघायची नसते, ते द्यायचंच. त्याच्या वरच्या पायऱ्यांना ऐपत विचारात घेतात. मग 1957 च्या भारतीय श्रम परिषदेनं मोजमाप दिलं. कमावणारा, जोडीदार आणि दोन मुलं मिळून तीन घटक धरायचे, दर घटकाला दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्ती-किरकोळ खर्चाला एकूण वेतनाच्या 20 टक्के. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं राप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात त्यात आणखी 25 टक्के घातले, मुलांचं शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी.

ही सूत्रं घेऊन मी आक्कांच्या स्वयंपाकघरात बसलो. नवरा फौंड्रीत होता, कमरेनं बसला. एक मुलगी बारावीत, एक मुलगा आठवीत. आक्का डबे दाखवत गेल्या, मी लिहीत गेलो. धान्य सतराशेचं. डाळी साडेसहाशेच्या. तेल चार लिटर, सहाशे. म्हशीचं दूध रोज अर्धा लिटर, ते हजारावर जातं. भाजी दिवसाला सत्तर रुपयांची धरली तर आक्का हसल्या, "सत्तरची भाजी कोण आणतंय ओ? आमी इसाची मेथी आणून दोन येळा करतो." पण हिशेब 'असतं किती' याचा नव्हता, 'लागतं किती' याचा होता. अंडी, महिन्यातनं दोनदा कोंबडी, साखर, चहापत्ती, चटणीचा मसाला धरून जेवणाखाण्याचे 7,930 झाले. कपड्याला 800. दोन खोल्यांचं भाडं गावात 3,500 आहे. आक्कांचं घर स्वतःचं, पण सूत्रात भाडं धरायचंच असतं. बेरीज 12,230.

इथे एका सदस्यांनी हरकत घेतली : रेशनचं धान्य फुकट मिळतंय की, ते वजा करा. माणशी पाच किलो मिळतं, खरं आहे. पण ते सरकार गरिबाला देतं, पंचायतीला नाही. मजुराचं रेशन पगारातनं वजा करायचं म्हणजे धान्याची सवलत मालकानं घेतल्यासारखं झालं. मी वजा केलं नाही.

आता 20 टक्के. हे एकूण वेतनाच्या 20 टक्के आहेत, म्हणून 12,230 ला 0.8 नं भागायचं : 15,290 च्या घरात येतं. पुढच्या 25 टक्क्यांचे दोन अर्थ निघतात. आलेल्या रकमेवर पाव भाग चढवला तर 19,100. आणि न्यायालयाचे शब्द जसेच्या तसे घेतले, म्हणजे एकूण वेतनाचेच 25 टक्के, तर 12,230 ला 0.55 नं भागावं लागतं आणि आकडा 22,200 वर जातो. एवढ्याशा वाक्याच्या अर्थानं महिन्याला तीन हजारांचा फरक! बैठकीत मी दोन्ही आकडे ठेवले. वहिनी म्हणाल्या, खालचा घेऊ, तोच पेलंना आपल्याला. म्हणून गावाचं निर्वाह वेतन 19,100 ठरलं.

बाजूला दोन आकडे ठेवून बघा. ग्रामपंचायत कामगारांसाठी राज्यानं ऑगस्ट 2020 मध्ये काढलेल्या अधिसूचनेत मोठ्या गावातल्या अकुशल कामगाराचं मूळ किमान वेतन तेरा हजारांच्या जरा वर आहे. त्यावर राहणीमान भत्ता वेगळा. आणि ओढ्यापलीकडे महापालिकेची हद्द लागते. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सगळ्यांत खालची श्रेणीसुद्धा 15,000 मुळापासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता. कचरा तोच, ओढाही एकच. कोल्हापूरला 1972 साली महापालिका झाली, पण शहराची हद्द काही वाढली नाही. आसपासची गावं दर वेळी विरोधात उठतात. आमच्या गावातही 'हद्दवाढ नको'चा फलक आहे. तो फलक रोज पहाटे पुसणाऱ्या बाईला मात्र हद्दवाढ हवी आहे. तिनं मला हे हळूच सांगितलं.

तर खरा धक्का 19,100 चा नव्हता. आठ माणसांना 6,500 मिळत होते, म्हणजे कायद्यानं ठरलेल्या किमानाच्या निम्मे. निर्वाह वेतनाची चर्चा करायला बसलो आणि कळलं की किमान वेतनाचाच पत्ता नाही. किमान वेतनाखाली काम करून घेणं ही सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या निकालात म्हटलेलं आहे. मजुरानं कबुली दिली असली तरी. मी हे वाचून दाखवल्यावर बैठकीत कुणीच बोललं नाही. मग ग्रामपंचायत अधिकारी सावकाश म्हणाले, "पण ते चारच तास करतात ना काम."

म्हणून एका गुरुवारी मी आक्कांबरोबर फिरलो. पावणेसहाला त्या चावडीजवळ हजर होत्या. हातात माडाच्या हिरांचा खराटा, वर बांबूचा दांडा सुतळीनं आवळलेला. पंचायत तेव्हा दोन महिन्यांना एक खराटा द्यायची. रस्ता डांबरी असेल तर तो तीन आठवड्यांत बुडखा होतो, मग पुढचा त्या स्वतःच्या पैशानं घेतात. पावणेदहापर्यंत पेठेची गल्ली आणि स्टँड झाडून झालं. कागदावर धरलेले चार तास इथे संपले. त्यानंतर गटारातला गाळ काढून कडेला टाकणं, तो घंटागाडीत भरून देणं, पंचायतीचं ऑफिस आणि जिना. दुपारी घर. संध्याकाळी आठवड्याचा बाजार उठल्यावर पाल्याचा ढीग. माझ्या घड्याळात साडेसात तास भरले. मी विचारलं, बाजाराचं कुठं लिहितात? "ते कुठं ल्ह्यायचं? बाजार झाला की मी येतो, झाडतो, जातो."

पाणी सोडणाऱ्या पोराचं तर घड्याळच निराळं. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी, आणि तिन्हीत्रिकाळ फोन. लाईट रात्री दोनला आली की पंप दोनला चालू. कुठल्या गल्लीला किती मिनिटं आणि कुणाच्या घरात मोटर लावतात, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. तो एक आठवडा आजारी पडला तेव्हा गावाला कळलं.

मेच्या बैठकीत हे तास ठेवले. चार तासांचा मुद्दा पुन्हा कुणी काढला नाही.

आता पैशाचा भाग. घरफाळ्याची चालू मागणी 46 लाख, पाणीपट्टीची 28; मिळून 74. बाजाराची पावती आणि गाळ्यांचं भाडं धरून वरचे 9. घरफाळा-पाणीपट्टीची वसुली 58 टक्के, म्हणजे वरचे 9 धरून हातात पडणारे सगळे मिळून 52 लाख. आस्थापना खर्च, म्हणजे माणसांच्या पगाराचा खर्च, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवायचा, ही मर्यादा सगळ्यांना पाठ असते. ती आली 18.2 लाखांवर. सध्याचा पगाराचा खर्च, सहांचा आमचा अर्धा वाटा आणि आठांचं मानधन मिळून, 11 लाख.

चौदाही जणांना 19,100 वर न्यायचं तर वर्षाला आणखी 16.4 लाख. एकूण 27.4. ते 35 टक्क्यांत बसवायला उत्पन्न 78 लाख पाहिजे, म्हणजे वसुली जवळपास पुरी झाली पाहिजे. अवघड, पण अशक्य नाही.

आणि फक्त आठ जणांना किमान वेतनाच्या मुळापर्यंत, 13,100 पर्यंत, आणायचं तर? वर्षाला 6.3 लाख. एकूण 17.3 लाख. मर्यादेच्या आत! भविष्य निर्वाह निधीचा वाटा धरला तर रेघ जराशी ओलांडते. दोन-तीन टक्के वसुली वाढली की परत आत. भत्ता वेगळा, तो पुढे. हे गणित मी तीनदा तपासलं. सोळा वर्षं 'पंचायतीकडे पैसा नाही' हे वाक्य ऐकलं होतं. कागदावर बघितलं तर निदान ह्या पायरीपुरता पैसा होता.

मग आड काय येत होतं? आठांचं मानधन व्हाऊचरवर असल्यामुळे ते आस्थापना खर्चात दिसतच नव्हतं. किरकोळ आणि सफाई खर्चात मुरत होतं. मस्टरावर आणलं की ते दिसणार, 35 टक्क्यांच्या मोजणीत येणार, पंचायत समिती विचारणार. माणसाला कमी पगार दिला तर कुणी विचारत नव्हतं, तो पगार म्हणून लिहिला तर विचारणार होतं. एका सदस्यांनी तर सरळ तोड काढली : सफाईचा ठेका देऊन टाकू. ठेकेदाराचं बिल निघतं, ते आस्थापनेत मोजत नाहीत. तोड चलाख होती, हे मान्य करायला हवं. ठेकेदार आपला नफा काढणार, आठ जण त्याच 6,500 वर राहणार, आणि वर्षअखेर आस्थापना खर्च कमी झाल्याचं कौतुक होणार. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधनमुक्त निधीचंही असंच : त्यातनं पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. खात्यावर रक्कम पडून होती, पेव्हिंग ब्लॉक बसत होते, त्यावरून झाडणारीला त्यातला रुपया मिळत नव्हता.

वहिनींनी ठेक्याला नकार दिला. त्यांचे स्वतःचे दोन सदस्य रुसले.

वसुलीचं काम जूनमध्ये काढलं. 2020 साली शासनानं आपल्या हिश्श्याला करवसुलीची अट जोडली, तेव्हापासून कर्मचारी संघटना तिला 'जाचक अट' म्हणतात. तक्रार रास्त आहे, कारण वसुली हे शिपायाच्या हातातलं काम नाही. वसुली अडते ती पुढाऱ्याच्या भिडेपायी. आमच्याकडे लिपिकानं नमुना 9 ची, म्हणजे कर मागणीची, वही उघडली आणि थकबाकीची यादी मोठ्या आकड्यापासून खाली लावली. गल्लीतल्या गरिबांची नावं पहिल्या पन्नासांत एखाददुसरंच. वर होती ती न विकलेल्या फ्लॅटची, दोन गोदामांची, एका लॉनची, एका मंगल कार्यालयाची. मंगल कार्यालय वहिनींच्या चुलत सासऱ्यांचं. सहा वर्षांची थकबाकी.

यादी वाचायची की नाही यावर घरात काय झालं ते मला माहीत नाही, विचारलंही नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत लिपिकानं यादी वाचली, वरपासून, मंगल कार्यालयासकट. मंडपात शांतता. मागनं कुणीतरी ओरडलं, "आता लगीन बाहेरगावी करा भावांनो!" हशा झाला. त्याच सभेत ठराव झाला : आठ जणांना ऑक्टोबरपासून किमान वेतन, दिवाळीआधी, आणि वसुली 80 टक्क्यांवर गेली की पुढच्या आर्थिक वर्षापासून टप्प्याटप्प्यानं 19,100. एका म्हाताऱ्यानं विचारलं, घरफाळा वाढवणार काय? चार वर्षांची फेरआकारणी अजून दोन वर्षं दूर होती. वहिनी म्हणाल्या, "वाढवत न्हाई तात्या, आहे तो भरा."

नोटिसा वाटायला पाणी सोडणारा पोरगा गेला, कारण प्रत्येक दार त्याला ठाऊक. मला ही गोष्ट खटकली आणि मी तसं बोललो. ज्याच्या पगारासाठी वसुली, त्यालाच दारोदार पाठवायचं, आणि नळ तोडायची वेळ आली की चावीही त्याच्याच हातात. त्याच्या मामांच्याच घरी दोन वर्षांची पाणीपट्टी तुंबलेली. तो म्हणाला, "मामी दोन म्हैनं बोलंना काका. पण भरली तिनं." सप्टेंबरअखेर मंगल कार्यालयाची निम्मी रक्कम आली, गोदामांची पुरी. बिल्डरची आली नाही. ती लोकअदालतीत आहे.

ऑक्टोबरचा पगार आठ जणांच्या बँक खात्यावर पडला. आक्कांनी वेतनचिठ्ठी छापून मागितली. मायक्रोफायनान्सचा हप्ता फेडून बँकेचं स्वस्त कर्ज घ्यायचं होतं, त्याला चिठ्ठी लागते. मी वाचून दाखवली. पदनामापुढे लिहिलं होतं : सफाई कर्मचारी (हंगामी).

"हंगाम कंचा ओ ह्यो?" त्यांनी विचारलं. मला उत्तर आलं नाही.

माझ्या मते अडचणीचं मूळ याच कंसात आहे. 19,100 वर कुणी फारसं भांडलं नाही; भांडण झालं ते नाव कुठल्या वहीत लिहायचं यावर. पदं वाढवून मिळावीत म्हणून पंचायत समितीकडे प्रस्ताव गेला, तो परत आला. लोकसंख्येचा दाखला 2011 प्रमाणे जोडावा, असा शेरा मारून. यावलकर समितीनं ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी असं सुचवलं होतं, संघटना अजून तीच मागणी लावून आहेत. तसं झालं तरी श्रेणी मिळेल ती मंजूर पदावरच्या माणसाला. बाहेरचे आठ तेव्हाही बाहेरच असतील. तात्पुरत्या माणसाला कायम माणसाचंच काम असेल तर पगारही तोच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जगजीत सिंग निकालात 2016 साली सांगून झालंय; पण तो निकाल घेऊन वकिलाकडे जायला आक्कांना एक दिवसाची रजा लागेल, आणि हंगामी माणसाला रजा नसते.

जानेवारीत वसुली 71 टक्क्यांवर होती. खराटा आता महिन्याला एक मिळतो. त्याच महिन्यात, जुन्या सवयीनं, मी व्हाऊचरची फाईल चाळली. नवीन अपार्टमेंटच्या बाजूला घंटागाडीवर एक पोरगी मदतनीस म्हणून घेतली होती, कुणाची तरी शिफारस. रक्कम 6,000. कामाचा प्रकार या रकान्यात लिहिलं होतं, 'किरकोळ'.